गिनीपिगचे आजारपण आणि आपले ऋण

घरी पाळलेले गिनीपिगचे पिल्लू कधी कधी एकाएकी चालेनासे होते. उचलू गेल्यास ते किंचाळते, त्याचे सांधे सुजतात, आवडते गवतही ते तोंडाला लावीत नाही. कोठे तरी आपटून त्याचा पाय दुखावला, असा घरच्यांचा समज होतो. पुष्कळदा दुखापत झालेलीच नसते. पिल्लाला झालेला असतो स्कर्व्ही. एके काळी दर्यावर्दी लोकांचा काळ ठरलेला तोच रोग. या दुखण्याचा इतिहास आपल्या आरोग्याशी किती निगडित आहे, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वीच तो मांसासाठी माणसाळविला. तेथील वैदू रोग्याच्या अंगावरून गिनीपिग फिरवून रोगाचे निदान करीत. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि पुढे प्रयोगशाळेत शिरला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए व लाप्लास यांनी त्याला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले व वितळलेल्या बर्फावरून त्याच्या शरीराची उष्णता मोजली. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलनच, हा सिद्धांत त्यातून दृढ झाला.

स्कर्व्हीवर लिंबूवर्गीय फळे गुणकारी आहेत, हे जेम्स लिंड याने १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ जहाजावर बारा रोग्यांची तुलना करून दाखविले होते. परंतु कारण अज्ञातच राहिले. १९०७ मध्ये क्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथे होल्स्ट व फ्रोलिक हे खलाशांच्या बेरीबेरीसारख्या विकाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगांना केवळ धान्य व पाव यांवर ठेवले. अपेक्षिलेला रोग झाला नाही. झाला तो स्कर्व्ही. ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला असता तो टळे. या अनपेक्षित फळामुळेच स्कर्व्ही प्रयोगशाळेत तपासता येऊ लागला. पुढे १९३२ मध्ये सेंट-ग्यॉर्गी व स्विर्बेली यांनी हंगेरीतील सेगेद येथे गिनीपिगांवरच प्रयोग करून, हेक्झुरॉनिक आम्ल हेच जीवनसत्त्व ‘क’ होय, असे सिद्ध केले.

उंदीर, कुत्रा, गाय हे प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या पायरीचे विकर मनुष्यात नाही आणि गिनीपिगातही नाही. या एका उणिवेनेच तो आपला सोबती ठरला.

पेनिसिलिनची कथा याच्या नेमकी उलट आहे. १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे त्याची निर्णायक परीक्षा आठ उंदरांवर झाली. औषध दिलेले चार वाचले. गिनीपिगाला मात्र ते विषासमान ठरते, हे १९४३ मध्ये दिसून आले, कारण त्याच्या आतड्यांतील उपकारक जंतूंचा त्याने नाश होतो. प्रारंभीच गिनीपिग निवडला गेला असता, तर या औषधाविषयीचे मत कदाचित निराळे झाले असते.

आपल्यापैकी अनेकांच्या बदलीच्या गावी पशुवैद्यास गाईम्हशींचा सराव अधिक असतो. म्हणून एवढे ध्यानात ठेवावे: आजारी पिल्लाला उबदार, शांत जागी ठेवावे व गवत सदैव समोर असावे. दर किलो वजनास रोज सुमारे १० मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’ लागते. वाढत्या पिल्लास सुमारे ३०. ढोबळी मिरची हा त्याचा चांगला साठा आहे. सशांच्या तयार खाद्यावर विसंबू नये. पिल्लू दिवसभर खाईनासे झाले, तर वाट न पाहता वैद्य गाठावा आणि घरात उरलेली पेनिसिलिनची गोळी कदापि देऊ नये.

हे सारे ज्ञान या प्राण्याच्या असंख्य पूर्वजांनी प्राण देऊन आपणांस दिले आहे. त्याच्या आजारी पिल्लासाठी त्याचा उपयोग करणे ही भूतदया खरीच. पण आम्हांस ती ऋणाची अल्पशी फेडही वाटते.