वाटणीपत्रात न आलेली ओळ

आमच्या घरी एक जुने वाटणीपत्र जपून ठेवलेले आहे. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, त्यानंतर काही वर्षांनी आमच्या वडिलांनी व त्यांच्या दोघा बंधूंनी ते लिहून घेतले. दांडिया बाजारातील वाड्याचे तीन भाग, घंगाळे, समया, सागवानी पलंग, शिसवी पाट, सर्वांची नोंद त्यात आहे. देवघर व कुलाचार थोरल्याकडे राहील, असेही स्पष्ट लिहिले आहे. मात्र त्याच वाड्यात आमची आत्या राहत असे. ती बालविधवा होती आणि तिचे सारे आयुष्य भावांच्या मुलांना वाढविण्यात गेले होते. तिला कोणी सांभाळावयाचे, याविषयी त्या कागदावर एक अक्षरही नाही. पुढे धाकट्या काकूंनी तिचे सर्व केले, अगदी अखेरपर्यंत. त्यांना तसे करावयास कोणी सांगितले होते, हे आम्हांला आजवर कळलेले नाही.

विभक्त कुटुंबाविषयी आपल्या मंडळींत बोलणे निघाले, की बहुधा नव्या पिढीला बोल लावून ते संपते. आम्हांस वाटते, हा दोष इतका अलीकडचा नाही. त्याची मुळे त्या वाटणीपत्रात आणि त्यामागील इतिहासात आहेत.

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर जी घराणी गुजरातेत आली, ती मुळात आपले गाव आणि भाऊबंद मागे टाकूनच आली होती. पुढे शिलेदारी, कारकुनी, वकिली, मास्तरकी यांच्या मिळकतीवर येथे वाडे उभे राहिले आणि त्यांत नवी एकत्र कुटुंबे नांदू लागली. अन्न, देवकार्य आणि मिळकत या तीन गोष्टी एकत्र, तोवर कुटुंब एकत्र, अशी हिंदू कायद्याची जुनी कल्पना होती. या तिहींपैकी पहिला तडा मिळकतीला गेला, आणि तोही शिक्षणामुळे.

कुटुंबाच्या पैशाने विशेष शिक्षण घेतलेल्याची कमाई कोणाची, हा त्या काळातील मोठा वाद होता. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका सनदी अधिकाऱ्याची अशी कमाई एकत्र कुटुंबाची ठरविली. त्यानंतर बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नाने १९३० मध्ये विद्याधनाचा कायदा झाला आणि शिकलेल्याची कमाई त्याची स्वतःची ठरली. ब्रिटिश हिंदुस्थानचा तो कायदा संस्थानाला लागू नव्हता, परंतु वारे तेच होते. पगारदार मनुष्य आपला संसार वेगळा मांडू लागला. यात अन्याय होता, असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या श्रमाची कमाई, तिच्यावर त्याचा हक्क असणे रास्तच. परंतु कमाई मोकळी झाली, तसे त्या कमाईमागे असलेले घरचे कष्ट कोणाच्या खाती मांडावयाचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत बडोदे पुष्कळ पुढे होते. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सर्व संस्थानभर नेले, आणि त्यात मुलीही होत्या. १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध करणारा आणि १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा येथे झाला. १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा महाराणी चिमणाबाई होत्या. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. त्यांच्याच कारकिर्दीत गृहविज्ञानाची शाखा निघाली. आया-आज्या जे न सांगता करीत आल्या, ते बाल्यसंगोपन आणि पाकशास्त्र पदवीचा विषय झाले. पुढे त्या शाखेच्या नावातून ‘गृह’ जाऊन ‘कुटुंब’ आले. घर सांभाळणे ही एकटीची गोष्ट नसून साऱ्या कुटुंबाची आहे, एवढे तरी त्या पाटीने मान्य केले, असे आम्ही समजतो.

१९६० नंतर शहर पालटले. १९६२ मध्ये खत कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. वाड्यांतील बिऱ्हाडे वसाहतींतील दोन खोल्यांत गेली. आमच्या पिढीतील पुष्कळ भगिनी शाळांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागल्या. सासूबाई जवळ नसल्या, की मूल पाळणाघरात जाई. पुरुषांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भाजी आणणे, मुलांना शाळेत पोहोचविणे, अभ्यास घेणे ही कामे आम्ही हळूहळू अंगावर घेतली. परंतु मूल तापाने फणफणले, की रजा कोणी घ्यावयाची, हे ठरविण्याची वेळ आमच्या घरी कधी आली नाही. ते आधीच ठरलेले असे.

दरम्यान मिळकतीचा हिशेब मात्र अधिकाधिक न्याय्य होत गेला. विधवेला पतीच्या मिळकतीत हक्क देणारा कायदा डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये झाला. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी वारस झाली. वडिलार्जित एकत्र मिळकतीत तिला जन्मतः हक्क मिळावयास मात्र गावागावांत निरनिराळा काळ लागला. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याने मुलामुलींना सारखा वाटा पूर्वीपासूनच होता. हैदराबादेस आंध्र प्रदेशच्या कायद्याने १९८६ मध्ये, बेळगावास कर्नाटकाच्या व पुण्यास महाराष्ट्राच्या कायद्याने १९९४ मध्ये, अविवाहित मुलींना तो मिळाला. आम्हां बडोदेकरांच्या, तसेच इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलींना २००५ पर्यंत थांबावे लागले. एकाच आडनावाच्या चुलत बहिणी, पण कोणी कोठे घर केले यावर त्यांचे हक्क अवलंबून राहिले.

हक्काबरोबर कर्तव्यही कायद्याने मुलीपर्यंत नेले. वृद्ध आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी १९५६ च्या कायद्यातच मुलगा आणि मुलगी दोघांवर होती. विवाहित मुलगीही त्यातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये फौजदारी संहितेतील निर्वाहाच्या तरतुदीविषयी स्पष्ट केले. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण दिले व दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहाची तरतूद केली. त्या कायद्यातील ‘अपत्य’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून नाही. तिच्यावर कायद्याचे बंधन नाही, हे ठीकच. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जिने रात्री उठून पाणी दिले, औषधाच्या वेळा सांभाळल्या, तिचे नाव जसे आमच्या वाटणीपत्रात नाही, तसे तेथेही नाही.

आज आपल्यांपैकी पुष्कळांची मुले पुण्यास, बंगळुरास किंवा अमेरिकेत आहेत. घरी दोघे वृद्ध आणि दिवसभरासाठी ठेवलेली एक बाई. पैसे वेळेवर येतात, फोन रोज येतो. त्यांना आम्ही दोष देत नाही. जबाबदारीची वाटणी उघडपणे, समोरासमोर बसून करावयाची असते, हे आम्हीच त्यांना कधी दाखविले नाही. आम्ही त्यांना मिळकतीची वाटणी तेवढी दाखविली.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. मृत्युपत्र करावयास बसाल, तेव्हा मुलगा, मुलगी, सून, जावई यांना एकत्र बसवा. सोने कोणाला, हे लिहिण्याआधी दवाखान्यात कोण नेईल, रात्री कोण थांबेल, वर्षातील कोणते महिने कोणाचे, हे बोलून घ्या. आणि आजवर ज्यांनी हे न सांगता केले, त्यांची नावे त्या कागदावर लिहा.

आमच्या वाटणीपत्राच्या मागील कोऱ्या बाजूस आम्ही गेल्या वर्षी एक ओळ लिहिली. आत्याचे सर्व धाकट्या काकूंनी केले, एवढीच. खाली आम्हां सर्व चुलत भावंडांच्या सह्या घेतल्या. काकू आज नाहीत. ही ओळ त्यांच्या हयातीत लिहावयास हवी होती.