वॉकर्टनच्या नोंदवहीतला खोटा आकडा

कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात, टोरंटोच्या वायव्येला वॉकर्टन नावाचे एक छोटे गाव आहे. २००० साली तिथे जेमतेम ४,८०० माणसे राहत होती. आजूबाजूला शेती, गाईगुरांचे गोठे आणि हिरवी कुरणे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढेच गाव म्हणा. नळाला चोवीस तास पाणी आणि ते शुद्धच असणार, अशी सगळ्यांची खात्री. त्या वर्षीच्या मे महिन्यात या नळाच्या पाण्याने ७ माणसे मेली आणि २,३०० हून अधिक आजारी पडली. म्हणजे जवळपास निम्म्या गावाएवढी संख्या.

पाण्यामुळे साथ येणे ही इतिहासात नवी गोष्ट नाही. १८५४ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी एका हातपंपाभोवतीची मरणे मोजून कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवून दिले. इंग्लंडमधल्या लिंकन शहरात १९०५ मध्ये विषमज्वराची साथ आली, तेव्हा शहराच्या पाण्यात क्लोरीनचे औषध सतत मिसळायला सुरुवात झाली. अमेरिकेत जर्सी सिटीला १९०८ मध्ये डॉ. जॉन लील यांनी तेच केले. लील यांनी तर कोणाची परवानगीही घेतली नव्हती. ‘लोकांच्या पाण्यात रसायन घालता?’ असा प्रश्न त्यांना कोर्टात विचारला गेला आणि शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला. म्हणजे वॉकर्टनची साथ आली तेव्हा या उपायाला नव्वदहून अधिक वर्षे झाली होती. पाणी कसे निर्जंतुक करायचे हे जगाला ठाऊक होते. वॉकर्टनमध्ये क्लोरीन होते, पंप होते, नोंदवही होती, नोंदवही भरणारी माणसेही होती. तरीही माणसे मेली. म्हणून मला हा इतिहास कॉलऱ्याच्या जुन्या इतिहासापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

गावाला ३ विहिरींतून पाणी मिळत असे. विहिरी म्हणजे आपल्या भाषेत बोअर. त्यांचे क्रमांक ५, ६ आणि ७. दोष होता तो ५ क्रमांकाच्या विहिरीत. ती १९७८ साली खोदली गेली. खोली फार नव्हती. ज्या थरातून तिला पाणी येत होते तो थर जमिनीपासून ५ ते ८ मीटरवरच होता आणि खालचा खडक भेगाळलेला होता. जमिनीवर पडलेले पाणी मातीतून गाळून न निघता थेट विहिरीत उतरेल, अशी ती रचना. शेजारीच गुरांचे शेत होते. विहीर खोदली त्याच वर्षी तज्ज्ञाने अहवालात लिहून ठेवले होते की शेजारच्या शेतीचा परिणाम या पाण्यावर होऊ शकतो, तेव्हा भोवतालची जमीन घेऊन ठेवावी. जमीन घेतली गेली नाही. पुढे १९९४ मध्ये नियम बदलले. ज्या विहिरींवर भूपृष्ठावरच्या पाण्याचा थेट परिणाम होतो, तिथे क्लोरीन सतत मोजणारे यंत्र हवे, असा दंडक आला. पण जुन्या विहिरींची नव्याने वर्गवारी कोणी केलीच नाही. ५ क्रमांकाची विहीर कागदावर साधी, सुरक्षित विहीर म्हणून राहिली.

आता थोडे क्लोरीनबद्दल, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. शाळेत ‘पाणी निर्जंतुक करण्यासाठी कोणता वायू वापरतात?’ असा एका गुणाचा प्रश्न असतो आणि मुले ‘क्लोरीन’ लिहून मोकळी होतात. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाण्यात घातलेले क्लोरीन घाणीशी आणि जंतूंशी लढताना खर्ची पडते. पाणी जितके घाण, तितका खर्च जास्त. हा खर्च भागल्यावर जे उरते त्याला अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. ओन्टारिओचा नियम असा होता की १५ मिनिटांच्या संपर्कानंतर दर लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. उरले, तर जंतू मेले असे समजायचे. काहीच उरले नाही, तर पाण्यात काहीतरी भयंकर शिरले आहे. म्हणून हा आकडा नुसती नोंद नसतो. आजाऱ्याच्या काखेत लावलेल्या थर्मामीटरसारखे त्याचे काम आहे.

वॉकर्टनमध्ये हा आकडा रोज विहिरीवर जाऊन मोजायचा आणि नोंदवहीत लिहायचा, असे ठरलेले होते. गावच्या पाणी-वीज मंडळाचे व्यवस्थापक स्टॅन कोबेल आणि त्यांचे भाऊ फ्रँक कोबेल हे फोरमन. पुढे चौकशीत वह्या उघडल्या गेल्या, तेव्हा वर्षानुवर्षे दोनच आकडे दिसले, ०.५ आणि ०.७५. ऊन असो, पाऊस असो, बर्फ असो, विहीर कोणतीही असो. निसर्गातली कोणतीही गोष्ट इतकी शिस्तीत वागत नाही. वर्गातल्या चाळीस मुलांना सारखेच गुण पडले तर तपासनीस पेपर पुन्हा मागवतो. इथे कोणी वही मागवली नाही. दोघे भाऊ आणि त्यांच्या हाताखालची माणसे बहुतेक वेळा न मोजताच आकडा लिहीत होती. प्रयोगशाळेला पाठवायच्या नमुन्यांवरही चुकीची ठिकाणे लिहिली जात. सोयीच्या नळावरून बाटली भरायची आणि चिठ्ठी दुसऱ्या जागेची चिकटवायची.

हे वाचून आपल्या मनात दोन खलनायक उभे राहतात. पण ही माणसे स्वतः तेच पाणी पीत होती. विहिरीचे क्लोरीन न घातलेले पाणीदेखील ती आवडीने पीत. त्यांना मनापासून वाटत होते की आपल्या गावचे पाणी मुळातच चांगले आहे, क्लोरीन हा वरून लादलेला सोपस्कार आहे. दोघेही तरुणपणीच या मंडळात कामाला लागले होते, हाताने काम करत शिकले होते. जंतू, क्लोरीनचा खर्च, भेगाळलेला खडक, यांचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. जुन्या कर्मचाऱ्यांना अनुभवाच्या जोरावर परीक्षेशिवाय प्रमाणपत्र देण्याची एक योजना होती, तिच्यात त्यांना प्रमाणपत्रे मिळाली होती. आणि गावकरी? पाण्याला क्लोरीनचा वास आला की तेच तक्रार करत. मग क्लोरीन कमी सोडले जाई. ज्या गोष्टीने जीव वाचायचा, तिचा वास कोणालाच नको होता.

८ ते १२ मे या ५ दिवसांत वॉकर्टनवर १३४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातला सुमारे ७० मिलिमीटर एकट्या शुक्रवारी, १२ तारखेला. शेजारच्या शेतात एप्रिलच्या अखेरीस शेणखत पसरले होते. त्या शेतकऱ्याने सगळे नियम पाळले होते आणि पुढे न्यायमूर्तींनीही त्याला दोष दिला नाही. पावसाबरोबर शेणातले जंतू भेगांतून खाली उतरले आणि विहिरीत आले. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा त्यातला सर्वांत घातक. त्याच्यासोबत कॅम्पिलोबॅक्टरही होता. क्लोरीन होते तेवढे घाणीशी लढण्यातच संपून गेले आणि जंतू टाकीत, तिथून घराघरांत पोचले. त्या दिवसांत गावाचे बहुतेक पाणी याच विहिरीतून येत होते.

१३ मे, शनिवार. फ्रँक विहिरीवर गेले आणि वहीत ०.७५ लिहिले. १४ मे, रविवार, पुन्हा ०.७५. सोमवारीही तेच. खरोखर मोजले असते तर आकडा शून्याच्या आसपास आला असता आणि विहीर त्या शनिवारीच बंद करता आली असती. न्यायमूर्तींनीही हेच म्हटले की रोज प्रामाणिकपणे मोजले असते तर साथीचा आवाका पुष्कळ कमी झाला असता. आणि १९९४ च्या नियमाप्रमाणे सतत मोजणारे, धोका दिसताच पंप बंद करणारे यंत्र असते, तर साथ आलीच नसती.

सोमवारी नमुने घेतले होते. बुधवारी, १७ तारखेला प्रयोगशाळेचा फॅक्स स्टॅनकडे आला. पाण्यात ई. कोलाय. फॅक्स फक्त त्यांच्याकडेच आला, कारण ओन्टारिओ सरकारने १९९६ मध्ये खर्च वाचवायला पाणी तपासणीचे काम खासगी प्रयोगशाळांकडे सोपवले होते आणि वाईट निकाल लागला तर तो थेट सरकारला कळवलाच पाहिजे, असे बंधन त्यांच्यावर घालायचे राहून गेले होते. खर्च वाचवताना नेमके काय वाचवले जाते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. सरकारी शाळेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला तो पडणारच.

गुरुवारी दोन मुले रक्ताच्या जुलाबांनी ओवेन साउंडच्या इस्पितळात दाखल झाली. गावातल्या एका शाळेत एकाच दिवशी २० मुले गैरहजर. शुक्रवारी इस्पितळातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आरोग्य खात्याला फोन केला. खात्याने स्टॅन यांना विचारले, पाणी कसे आहे? त्यांनी सांगितले, पाणी ठीक आहे. फॅक्स त्यांच्याकडे दोन दिवसांपासून होता. फोन ठेवल्यावर त्यांनी गुपचूप पाइपलाइन धुवायला आणि भरमसाट क्लोरीन सोडायला सुरुवात केली. म्हणजे क्लोरीन कशासाठी असते हे त्यांना त्या क्षणी पुरते कळले होते. शनिवारी मंडळातल्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता पर्यावरण मंत्रालयाच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करून खराब निकालाची खबर दिली.

रविवारी, २१ मे रोजी दुपारी दीडच्या सुमारास आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी पाण्याविषयी शंका येताच पुरावा हाती नसतानाही आदेश काढला, पाणी उकळून प्या. सूचना स्थानिक रेडिओवरून गेली. सुट्टीचा लांब शनिवार-रविवार होता, सोमवारी व्हिक्टोरिया दिवस. अनेकांच्या कानावर ती गेलीच नाही. सोमवारी पहिला मृत्यू झाला. २७ जणांना असा आजार झाला ज्यात रक्तातल्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. त्यात लहान मुले जास्त होती. आदेश १९ तारखेलाच निघाला असता तर ३०० ते ४०० जण आजारी पडले नसते, असा चौकशीचा अंदाज आहे. आणि या धावपळीत कोबेल बंधू काय करत होते? नवी नोंद लिहीत होते. ७ क्रमांकाची विहीर काही दिवस क्लोरीनच्या यंत्राशिवायच चालली होती, ते झाकण्यासाठी.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये आला. दोन भावांची खोटी नोंद त्यात ठळकपणे आहेच. पण अहवाल तिथे थांबत नाही. विहिरीला अटी न घालता मंजुरी देणारे, १९९८ च्या तपासणीत दोष सापडूनही पुन्हा न फिरकलेले मंत्रालय, अंदाजपत्रकात कपात करणारे सरकार, व्यवस्थापकाला कधी प्रश्न न विचारणारे मंडळाचे सदस्य, हे सगळे त्यात आहेत. मला हा अहवाल म्हणूनच आवडतो. एका माणसाच्या बेइमानीने गाव आजारी पडायला आधी पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांना आपापल्या जागी गप्प बसावे लागते. त्या साथीचा आर्थिक फटका सुमारे ६.४५ कोटी डॉलर होता, असा हिशेब आयोगासाठी केलेल्या अभ्यासात मांडला आहे.

कॅनडाची ही गोष्ट मराठीत सांगण्याचे कारण सरळ आहे. आपल्या गावांतही हे काम एकाच माणसाच्या हातात असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळे झाले की वहीत नोंद करतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाहणी होऊन पंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. पद्धत चांगली आहे. पण वही सगळे रकाने भरलेली असली की सगळे खूश असतात, पाणी पिवळे झाले होते का हे पाहायला कोणी टाकीवर जात नाही. आणि पावडर नीट पडली की आपणच ओरडतो, ‘पाण्याला औषधाचा वास येतोय, चहा बिघडला.’ ग्रामसभेत रस्त्यावर आणि गटारावर तासभर भांडणे होतात. पाण्याची वही मागितल्याचे मी अजून पाहिलेले नाही. तुमच्या गावी मागत असतील तर जरूर लिहा. ती मागायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. वहीत रोज एकच आकडा दिसला, तर त्या माणसावर धावून जाण्याआधी त्याला ओटीची बाटली मिळाली आहे का, ती संपून किती महिने झाले आणि त्याला पगार किती मिळतो, हेही विचारावे.

डिसेंबर २००४ मध्ये कोबेल बंधूंना शिक्षा झाली. स्टॅन यांना एक वर्षाचा तुरुंगवास, फ्रँक यांना नऊ महिने घरातच कैद. ५ क्रमांकाची विहीर बंद झाली. ऑगस्ट २००० मध्येच नवा नियम आला होता. आता पाण्यात जंतू सापडले की प्रयोगशाळेला मंत्रालय आणि आरोग्य अधिकारी दोघांनाही कळवावे लागते. २००२ मध्ये सुरक्षित पेयजलाचा कायदा झाला आणि २००४ मध्ये वॉकर्टनमध्येच पाणी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. ओन्टारिओतल्या लहान लहान गावांचे पाणीवाले आपले काम शिकायला आता तिथे जातात.