पायथनमधील फाइल-वाचन

पायथन या आज्ञावली भाषेत फाइलमधील मजकूर वाचण्याच्या अनेक पद्धती आहेत. 'रीड' ही पद्धत संपूर्ण मजकूर एकसंध देते, तर 'रीडलाइन्स' सर्व ओळींची यादी देते. दोन्हींत सारी फाइल संगणकाच्या स्मृतीत येत असल्याने मोठ्या फाइलींसाठी त्या गैरसोयीच्या ठरतात. २००१ मधील २.२ आवृत्तीपासून उघडलेली फाइलच 'फॉर' आवर्तनात थेट वापरता येते व एका वेळी एकच ओळ हाती येते. हीच पद्धत आता रूढ आहे. फाइल शेवटापर्यंत वाचल्यावर 'सीक'ने पुन्हा आरंभी जावे लागते, अन्यथा दुसरे आवर्तन त्रुटी न दाखवता मुकाट संपते. विंडोजवर देवनागरी मजकुरासाठी फाइल उघडतानाच यूटीएफ-८ हे सांकेतन नमूद करणे इष्ट. एरवी अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात किंवा वाचनच थांबते.