बांधलेले अस्वल आणि कुंपणातला काळवीट

'टेडी बेअर'ची गोष्ट बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले. होल्ट कॉलियर या वाटाड्याने एक अस्वल पकडून त्यांच्यासाठी झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. त्यावर व्यंगचित्र निघाले, व्यंगचित्रावरून खेळणे. गोष्ट सहसा इथेच थांबवतात. पण जखमी झालेले ते अस्वल नंतर रूझवेल्टच्याच सांगण्यावरून सुरीने मारण्यात आले.

रूझवेल्ट १८८७ मध्ये स्थापन झालेल्या 'बून अँड क्रॉकेट क्लब'चे एक संस्थापक. जनावराला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे, हा या क्लबचा नियम. पळून जाता येणार नाही अशा कुंपणात मारलेले जनावर क्लब आपल्या विक्रमांच्या नोंदीत घेत नाही. नियम चांगलाच आहे. मात्र त्याने राखली जाते ती शिकाऱ्याची अब्रू. जनावराचे काय, हा प्रश्न वेगळाच राहतो.

तो प्रश्न टेक्सासमध्ये स्पष्ट दिसतो. तिथली बहुतेक जमीन खाजगी. १९३२ च्या सुमारास तिथल्या एडवर्ड्‌स पठारावर आपला काळवीट नेऊन सोडला गेला. १९८८ च्या पाहणीत टेक्सासमध्ये सुमारे २१ हजार काळवीट आढळले. परदेशी जनावरांना तिथे शिकारीचा ठरावीक हंगाम नाही. मालकाला पैसे दिले की उंच जाळीच्या आत वर्षभर शिकार करता येते. ज्या काळविटाची शिकार १९७२ च्या कायद्याने भारतात गुन्हा ठरली, त्याच्या शिंगांनुसार तिथे दर ठरतो!

हे वाचून राग येतो. आम्हांलाही आला. पण पाकिस्तानातून काळवीट नाहीसे झाले तेव्हा १९७० मध्ये तिथे पुन्हा काळवीट नेले गेले, ते टेक्सासहूनच.

ओरिक्सचे उदाहरण याहून अवघड आहे. तलवारीसारख्या शिंगांचा हा सहाराच्या कडेचा कुरंग २००० साली निसर्गातून नामशेष म्हणून जाहीर झाला. टेक्सासमध्ये मात्र २०१० साली ११ हजारांवर ओरिक्स होते, असा मालकांच्या संघटनेचा अंदाज. २००५ साली अमेरिकेने ओरिक्सला संकटग्रस्त ठरवले, पण बंदिस्त कळपांना सूट दिली. प्राणिमित्र संघटना न्यायालयात गेल्या. २००९ मध्ये सूट बेकायदा ठरली आणि २०१२ पासून शिकारीला परवाना लागू लागला. शिकारीचे उत्पन्न गेले तर कळप पोसायचे कशाला, असे मालक म्हणू लागले. २०१४ मध्ये अमेरिकी संसदेने सूट परत दिली.

मालकांचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. डोक्यांची संख्या म्हणजे संवर्धन नव्हे. शिंगे पाहून निवडलेला, शिकारी श्वापदाचे भय नसलेला कळप पिढ्यान्‌पिढ्या कुंपणात वाढला, तर त्याच्यातला रानटीपणा किती उरेल? २०१६ पासून चाड देशात ओरिक्स मोकळे सोडण्यात आले, ते अबू धाबीत निरनिराळ्या देशांतून जमवलेल्या कळपातले. त्या कळपात जनुकांची विविधता मुद्दाम राखली होती. २०२३ मध्ये 'निसर्गातून नामशेष' हा शिक्का पुसला गेला.

एकेका जनावराचा हिशेब यातून सुटत नाही. दाण्याच्या गाडीमागे येणाऱ्या ओरिक्सला त्याच गाडीतून गोळी घातली, तर ते त्या झाडाला बांधलेल्या अस्वलाहून वेगळे कसे, याचे उत्तर आम्हांला अजून कुठल्याही मालकाकडून ऐकायला मिळालेले नाही.