कारंजा, १६७०: परतीचा रस्ता

गनिमी कावा म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र येतं. सह्याद्री, अरुंद खिंड, धुकं, वरून घरंगळत येणारे दगड... चौथीच्या पुस्तकातलं. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या, शनिवार-रविवारी राजगड-तोरणा करणाऱ्या आम्हा लोकांच्या डोक्यात तर ते अजूनच पक्कं बसलेलं असतं. पण माझं आजोळ वाशीम जिल्ह्यातलं. तिथे ना घाट, ना धुकं. काळी जमीन, सोयाबीन, तूर, मधूनच एखादी बुटकी टेकडी. लपायचं म्हटलं तर तुरीच्या शेतात लपावं लागेल! आणि तरीही शिवकाळातली सगळ्यात धाडसी मोहीम कुठली असं मला कुणी विचारलं, तर मी याच जिल्ह्यातलं नाव सांगेन. कारंजा. लाडांचं कारंजा.

तर आधी घटना. ऑक्टोबर १६७० च्या सुरुवातीला सुरतेची दुसरी लूट झाली. परत येताना १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीला दाऊदखान कुरेशीशी उघड्या मैदानात लढाई झाली. इथे एखादं सैन्य दमून घरी बसलं असतं. पण डिसेंबरमध्ये मराठे पुन्हा बाहेर पडले, खानदेशातून थेट बऱ्हाणपूरच्या वेशीपर्यंत गेले, बहादूरपुरा लुटला आणि तिथून वऱ्हाडात उतरून कारंज्यावर पडले. जदुनाथ सरकारांनी आकडा दिलाय तो असा: एक कोटी रुपयांचं उंची कापड, सोनं आणि चांदी, ४,००० बैल-गाढवांवर लादून नेलं. गावातले श्रीमंत लोक खंडणीसाठी धरून नेले. सगळ्यात मोठा सावकार मात्र बायकी वेष करून निसटला, कारण मराठे बायकांना हात लावत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. मोहिमेवर महाराज स्वतः होते की प्रतापराव गुजर, यावर इतिहासकारांत एकमत नाही. सरकार प्रतापरावांचं नाव घेतात.

कारंजाच का? कारण तिथे पैसा होता. वऱ्हाडातल्या कापडाची आणि कापसाची ती मोठी पेठ. तिथल्या एका सावकाराने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन वाड्याच्या चुन्यात कालवली, अशी आख्यायिका आहे आणि कस्तुरीच्या हवेलीचं नाव आजही निघतं. आख्यायिकेतलं खरंखोटं सोडा, पण गावाची ख्याती कशाची होती ते त्यातून कळतं. शिवाय रायगडापासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा तिथे कुणी येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता जरा गणित करू (सवय, काय करणार). चार हजार जनावरं एका रांगेत चालवली आणि प्रत्येकाला तीन मीटर जागा धरली, तर रांग होते बारा किलोमीटर. लादलेला बैल दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालतो, तेही चारा-पाणी नीट मिळालं तर. म्हणजे येताना वाऱ्यासारखी आलेली फौज जाताना बैलाच्या चालीने जाणार! छाप्याचं खरं अवघड काम गावात शिरल्यावर संपत नाही, तिथे ते सुरू होतं. आपल्याला ‘हल्ला’ आठवतो, पण कौशल्य सगळं परतीत आहे. दोनच महिन्यांपूर्वी दिंडोरीला याची तालीम झाली होती. दाऊदखान आडवा आला तेव्हा खजिना वेगळ्या तुकडीबरोबर पुढे काढला आणि बाकीच्या फौजेने मागे राहून झुंज घेतली. लढाई जिंकणं हा हेतूच नव्हता. खजिना घाटाखाली उतरेपर्यंत वेळ काढायचा होता.

कारंज्याहून परतताना तेवढीही वेळ आली नाही, आणि याचं श्रेय मोगलांना द्यायला हवं :) मोगल दख्खन सुभ्यासुभ्यांत वाटलेली. खानदेशचा अंमलदार वेगळा, वऱ्हाडचा वेगळा. वर औरंगाबादेत शहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांचं त्या वर्षी इतकं विकोपाला गेलेलं भांडण की मराठ्यांपेक्षा त्यांनाच एकमेकांची भीती जास्त. हद्द ओलांडून दुसऱ्याच्या सुभ्यात पाठलाग कुणी करायचा? मोठ्या कंपनीत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. तिकीट या टीमकडून त्या टीमकडे फिरत राहतं आणि तोवर सर्व्हर झोपलेला असतो. मैदानी मुलखात गनिमाला लपायला डोंगर लागत नाहीत, अशी हद्द पुरते.

पण मला या मोहिमेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लूट वाटत नाही. ती आहे एक कागद. याच स्वारीत कारंजा आणि नंदुरबारच्या बाजूच्या लोकांकडून मराठ्यांनी लिहून घेतलं, की यापुढे दरवर्षी चौथाई देऊ. म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा.

याचं महत्त्व कळायला विसाव्या शतकात जाऊन येऊ. बर्नार्ड फॉल नावाचा एक अभ्यासक १९५३ मध्ये व्हिएतनामात गेला होता. फ्रेंच लष्कराचे नकाशे सांगत होते की लाल नदीच्या खोऱ्यातला बराचसा मुलूख आपल्या ताब्यात आहे. फॉलने लष्कराला विचारणं सोडलं आणि कराच्या वह्या बघितल्या. ‘ताब्यात’ असलेली गावंच्या गावं फ्रेंचांच्या बाजूच्या सरकारला कर देतच नव्हती, कारण ती व्हिएत मिन्हला देत होती. अनियमित युद्धात चौक्या किती आणि सैनिक किती हे मोजून काही कळत नाही, कर कुणाला जातो ते बघावं लागतं. फ्रेंच गेले, अमेरिकन आले, त्यांनी प्रेतं मोजली. फॉल १९६७ मध्ये व्हिएतनाममध्येच सुरुंगाच्या स्फोटात गेला.

१६७० च्या डिसेंबरात कारंज्यात मोगलांची सत्ता होतीच. दुसऱ्या दिवशीही होती. फक्त आता गावाला दोन मालक झाले होते. मोगल सुभेदार गावाला वाचवू शकत नाही हे लुटीने सिद्ध केलं, आणि ‘मग आम्हाला द्या, आम्ही पुन्हा लुटणार नाही’ हे चौथाईच्या कागदाने सांगितलं. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं मराठ्यांचं राजकारण या कागदावर चाललं, असं म्हटलं तरी फार चूक नाही.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो. पुण्यातल्या मित्राला ही गोष्ट सांगितली की तो म्हणतो, “काय लुटलं यार आपल्या लोकांनी!” आणि मी क्षणभर गप्प होतो. कारण कारंज्याचे लोकही आमचेच. ज्यांचं कापड गेलं ते विणकर, ज्यांना धरून नेलं ते व्यापारी, तेही मराठी मुलखातलेच. महाराजांची बाजू मला पटते. सुरत, कारंजा या औरंगजेबाच्या तिजोऱ्या होत्या आणि बलाढ्य शत्रूशी लढायचं तर त्याच्याच पैशाने लढावं लागतं. बायकांना अभय असणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, आणि पळालेल्या सावकाराचा त्या शिस्तीवर किती भरवसा होता बघा! तरीही खंडणीसाठी नेलेल्या माणसांच्या घरी त्या रात्री काय झालं असेल, हे कुठल्याच बखरीत नाही. दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवाव्या लागतात.

असो. शंभर वर्षांनी हाच रस्ता उलट्या बाजूने वापरला गेला. १७६९ च्या सुरुवातीला थोरले माधवराव पेशवे वाशीम-कारंज्याच्या वाटेने वऱ्हाडात शिरले, नागपूरकर जानोजी भोसल्यांवर. निमित्त राघोबादादांना केलेल्या मदतीचं. आता दोन्हीकडे मराठेच! दोघांनाही गनिमी कावा पाठ. जानोजींनी लढाई द्यायचीच नाही असं ठरवलं. पेशव्यांनी नागपूर लुटलं, चांद्याला वेढा घातला, आणि जानोजी गुंगारा देऊन सरळ पुण्याच्या रोखाने निघाले. हा डाव त्यांनी आधी पाहिलेला होता. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणं लुटून जाळलं, तेव्हा ते निजामाच्याच बाजूला होते. पुण्यात पळापळ झाली, माधवरावांना चांद्याचा वेढा उठवावा लागला. दोघंही एकमेकांच्या घराकडे धावतायत आणि मधला मुलूख तुडवला जातोय. शेवटी दमून २३ मार्च १७६९ ला कनकापूरचा तह झाला.

तहात मोठमोठी कलमं आहेत. भोसल्यांनी राक्षसभुवनाच्या वेळी मिळालेला उरलेला मुलूख परत द्यावा, वर्षाला पाच लाख एक रुपये द्यावेत, परवानगीशिवाय फौज वाढवू नये. पण मला आवडतं ते एक बारीक कलम. दरवर्षी ५,००० रुपयांचं कापड द्यावं, बाळापूर आणि वाशीमचं. इतकी धूळधाण होऊनही वाशीमचे माग चालू होते, आणि ते पेशव्यांना माहीत होतं. हे कापड विणायचं कुणी, ते अर्थात तहात लिहिलेलं नाही.

पुढे १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इथे भोसले हरले आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. कवायती पायदळ आणि तोफांच्या नादी न लागता गनिमी काव्याने लढले असते तर, हा वाद आपल्याकडे अजून रंगतो. माझं मत: त्याने पराभव लांबला असता, टळला नसता, कारण कर गोळा करणारी घडीच तोवर विस्कटली होती. ती घडी मोडल्यावर गनिमी काव्याचं काय उरतं ते पेंढाऱ्यांनी दाखवलं. घोडे तेच, वेग तोच, रातोरात कोसळणं तेच. फक्त कागद नाही. चौथाई दिली तर पुन्हा लुटणार नाही, असं लिहून देणारं पाठीमागे कुणी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच गाव.

१८१७-१८ मध्ये इंग्रजांनी लाखाहून जास्त फौज उभी करून त्यांना चारी बाजूंनी कोंडलं. करीमखान शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवलं. चितू सातपुड्याच्या जंगलात एकटा पळत राहिला आणि वाघाने त्याला खाल्लं. १८०९ मध्ये भोसल्यांच्या मुलखावर चालून गेलेल्या अमीरखानाने वेळीच तह केला. तो टोंकचा नवाब झाला.