वार, वसतिगृह आणि अभ्यासिका

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. त्या काळात शिक्षणासाठी पुण्याला आलेल्या गरीब मुलापुढे अभ्यासाआधी जेवणाचा प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर होते मधुकरी किंवा वार. सात वारांना सात घरे ठरलेली. वाराच्या जेवणात मिंधेपणा होता, पाणउताराही होई. पण सोमवारच्या घरी मुलगा आला नाही, तर ताट वाढून वाट पाहणाऱ्या बाईच्या ते लक्षात येई. हा आधार मात्र मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरताच होता.

ज्यांना त्या उंबरठ्याच्या आत जागा नव्हती त्यांच्यासाठी वसतिगृहे उभी राहिली, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग तोच. शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा समाजांची वसतिगृहे झाली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू झाली.

सरकारी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा घेणारा महाराष्ट्र लोकसेवा आयोग १९६० चा. पुढच्या दशकांत पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांची वस्ती वाढत गेली. कॉट भाड्याची, अभ्यासिकेतली खुर्ची भाड्याची, जेवण मेसचे. न जेवलेल्या दिवसाचा मेसच्या वहीत खाडा पडतो आणि महिनाअखेर तेवढे पैसे वजा होतात. मुलगा का आला नाही, हे विचारण्याची त्या व्यवहारात सोय नाही. भरतीच्या जाहिराती रखडतात, वय सरत जाते, गावाकडून फोन आला की निकालाचीच चौकशी. मार्च २०२१ मध्ये आयोगाची पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली गेली तेव्हा शेकडो उमेदवार पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर उतरले. एरवी आपापल्या खुर्चीत दबून राहिलेला ताण त्या दिवशी सगळ्यांना दिसला.

अशा ताणात आधार मिळावा म्हणून शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी, खासगी क्लासनीसुद्धा, समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. पण क्लास संपवून केवळ अभ्यासिकेत बसणाऱ्याचे नाव कुठल्याच पटावर नसते. त्याची रिकामी खुर्ची आधी दिसते ती शेजारी बसणाऱ्यालाच.