सुताच्या गढीतले दफ्तर

उत्तर फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या सरहद्दीलगत असलेल्या रूबे या शहरी प्रथमच येणाऱ्या प्रवाशाला, भरवस्तीतली ती लाल विटांची, चर्या आणि बुरूज मिरवणारी प्रचंड वास्तू पाहून, ही कोण्या उमरावाची गढी असावी असा भ्रम झाल्यावाचून राहत नाही. वस्तुतः १८६२ सालापासून आकारास आलेली मोत-बोस्यू घराण्याची ती सूतगिरणी होय, आणि बुरुजासारखा भासणारा तिचा गोल मनोरा म्हणजे निव्वळ धुराडे. मालकाची हौस दांडगी खरी!

याच घराण्याची कालव्यापलीकडची जुनी गिरणी १८६६ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. कापसाची उडती तूस, तेल मुरलेली लाकडी तक्तपोशी आणि उघडे दिवे एकत्र नांदत असता याहून निराळे काय व्हावयाचे? अशा आगींच्या धास्तीने त्या काळचे शहाणे गिरणीमालक लाकूड वर्ज्य करून बिडाच्या खांबांवर विटांच्या उथळ कमानी बांधीत, आणि साच्यांचा भार व हादरा सोसेल अशी बळकटी मजल्यांना देत. ही गिरणीही त्याच पद्धतीची.

ती १९८०च्या दशकारंभी बंद पडली. त्याच सुमारास, १९८२च्या संपाने, आमच्या गिरणगावचे भोंगेही मुके होत होते. पुढे आलँ सारफाती या वास्तुविशारदाने तिचे रूपांतर केले आणि १९९३ साली तेथे श्रमजगताचा दफ्तरखाना उघडला. कागदाचे ओझे यंत्राहून कमी नसते हे दफ्तरदार जाणतात. तेव्हा गिरणीचे मजले या कामी आयतेच उपयोगी पडले. हवा आणि उजेड यांचे मात्र अगदी उलट. सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा दमट राखावी लागे, त्याच दमटपणाने कागदाला बुरशी धरते. कामगाराला तुटला धागा दिसावा म्हणून ठेवलेल्या उंच खिडक्यांचा प्रकाश शाईला मारक ठरतो. जो गुण काल भूषण होता तोच येथे दूषण झाला.

आमच्या पेशवे दफ्तराचे कागद कापडी रुमालांत बांधलेले असत, त्यामुळे कापड आणि कागद यांचा हा शेजार मराठी माणसास परका वाटू नये. फरक इतकाच, की येथे सरकारी सनदा नव्हेत, तर कारखाने, पेढ्या आणि कामगार संघटना यांचे खाजगी कागद आहेत: रॉथचाइल्डांच्या बँकेचे, पनामाचा कालवा खोदू जाऊन दिवाळे काढलेल्या फ्रेंच कंपनीचे, आणि त्यांच्याच शेजारी मालकांशी हुज्जत घालण्यात ज्यांची हयात गेली अशा मजूरसंघांचे.